डिप्लॉयचा यजमान

संकेतस्थळाचा कोड रेपोत असतो. एक जण त्यात बदल करून पुश करतो, दुसरा तो वाचून मंजूर करतो, बदल मेन ब्रांचमध्ये मर्ज होतो आणि चहा गार व्हायच्या आत होस्टिंगवरचे संकेतस्थळ पालटलेले असते. मधल्या वेळात सर्व्हरला माणसाचा हात लागलेला नसतो. अशा वेळी ‘हे कोणी केले?’ या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही. कोड लिहिणाऱ्याने केले म्हणावे, तर त्याने फक्त कोड लिहिला. मंजूर करणारा एक बटण दाबून जेवायला गेला. ही सगळी व्यवस्था ज्याने लावून दिली, तो कधीचा नोकरी सोडून गेलेला असू शकतो. मग व्यवस्थेनेच केले म्हणायचे का? प्रश्न तांत्रिक दिसतो, पण तो कर्तेपणाचा आहे, आणि कर्तेपणाचा कीस धर्मचिंतनाने यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी पाडून ठेवला आहे. माझे म्हणणे असे: स्वयंचलित डिप्लॉयमुळे कर्ता नाहीसा होत नाही. त्याचे कर्म काळात मागे सरकते. हाताच्या हालचालीतून निघून ते व्यवस्था लावण्यात आणि संमती देण्यात जाऊन बसते. तिथे त्याचे वजन वाढते, कारण एकदा दिलेली संमती पुढच्या सगळ्या हालचालींना पुरायची असते.

आधी ही व्यवस्था असते कशी ते पाहू. गिट हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिले. त्यातल्या प्रत्येक कमिटमध्ये दोन नावांना जागा असते: बदल ज्याने लिहिला त्याचे, आणि तो रेपोत ज्याने दाखल केला त्याचे. लिनक्सच्या कामात बदल ईमेलने येत आणि ते लावणारा बहुधा दुसराच कोणी असे, म्हणून ही सोय. लिहिणे आणि दाखल करणे ही दोन वेगळी कर्मे आहेत, एवढे तरी गिटला मान्य आहे. तिसरे कर्म म्हणजे कोड सर्व्हरवर नेऊन चालू करणे, अर्थात डिप्लॉय. त्याला या नोंदीत जागा नाही. ते बराच काळ हाताने व्हायचे. कोणी एफटीपीने फाईली चढवी, कोणी एसएसएचने सर्व्हरवर जाऊन कमांड देई. आता गिटहब ॲक्शन्ससारख्या सेवेत या कामाच्या पायऱ्यांची साखळी, म्हणजे पाइपलाइन, रेपोतल्याच एका यामल फाईलमध्ये लिहून ठेवतात. मेन ब्रांचवर काही नवे आले की एक कोरे आभासी यंत्र उभे राहते. ते कोड उतरवून घेते, लागतील ती पॅकेजेस आणते, टेस्ट चालवते, बिल्ड करते, वेगळ्या जपून ठेवलेल्या गुप्त किल्लीने होस्टिंगचे दार उघडून फाईली पोचवते, आणि काम संपताच नष्ट होते. हा शेवटचा तपशील तत्त्वज्ञाला गुदगुल्या करणारा आहे. ज्याने प्रत्यक्ष काम केले त्याला जाब विचारायला जावे, तर तो जगातच नसतो. मागे उरतो फक्त लॉग, आणि त्यात कर्त्याच्या जागी कित्येकदा एका बॉटचे नाव असते.

कर्म एकाचे, हात दुसऱ्यांचे आणि फळ भलत्याच वेळी मिळायचे, ही रचना वैदिक यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसकांच्या रोजच्या परिचयाची होती. सोमयागात सोळा ऋत्विज, म्हणजे पुरोहित, राबतात. आहुती ते देतात, मंत्र ते म्हणतात, सोम ते कुटतात. ज्याचा यज्ञ, तो यजमान बराच वेळ नुसता बसून असतो, तरी स्वर्ग मिळायचा तो त्याला. हे कसे, असा प्रश्न त्यांच्या मूळ ग्रंथाच्या, जैमिनीच्या सूत्रांच्या, तिसऱ्या अध्यायात उपस्थित होतो. पूर्वपक्ष रोखठोक आहे: शास्त्राने फळ करणाऱ्याला सांगितले आहे, तेव्हा ज्याला फळ हवे त्याने सगळे स्वतःच्या हाताने करावे. सिद्धान्त याला नकार देतो. यज्ञाचा गाभा आहे उत्सर्ग, म्हणजे आपले द्रव्य आपले म्हणणे सोडून देवतेच्या स्वाधीन करणे. तेवढे यजमानाने स्वतः केले पाहिजे. बाकीची अंगे त्याने करावीत किंवा दुसऱ्याकडून करवून घ्यावीत. लगेच पुढचा निर्णय येतो की ऋत्विजांना दक्षिणेच्या मोबदल्यात कामाला लावणे हेही यजमानाचेच कर्म आहे, ते दुसऱ्यावर ढकलता येत नाही. आणि सहाव्या अध्यायात, प्रतिनिधींचा विचार चालू असताना, सर्वांत कडक नियम येतो. ठरलेले द्रव्य मिळाले नाही तर त्याच्यासारखे दुसरे चालते. सोमवल्ली नसेल तर पूतिका वापरतात. यजमानाला मात्र प्रतिनिधी नाही. ज्याच्यासाठी कर्म चालले आहे आणि ज्याने ‘हे माझे नाही’ म्हणायचे आहे, त्याच्या जागी दुसरा बसवला, तर तो दुसराच यजमान ठरेल आणि यज्ञही त्याचाच होईल.

ही मांडणी डिप्लॉयला लावताना फारशी ओढाताण करावी लागत नाही. टेस्ट चालवणे, बिल्ड करणे, फाईली पोचवणे ही अंगे आहेत. ती माणसाने करावीत की यंत्राने, हा सोयीचा प्रश्न. यामल फाईल लिहिणे म्हणजे ऋत्विज नेमणे: कोणी, कधी, कोणत्या क्रमाने, कोणाची किल्ली वापरून काय करायचे ते ठरवणे. ते यजमानाचे स्वतःचे कर्म आहे, म्हणून ती फाईल ‘नुसते कॉन्फिगरेशन’ समजून कोणाच्याही माथी मारणे चूक आहे. आणि उत्सर्ग होतो मर्जच्या क्षणी. तोवर बदल आपला असतो. घडवता येतो, मोडता येतो, फेकून देता येतो. मर्ज झाला की तो सोडला गेला, परक्या लोकांच्या पडद्यांवर गेला. रोलबॅकने जुनी आवृत्ती परत आणता येते, मधल्या वेळात लोकांनी जे पाहिले, जे पैसे भरले, जी माहिती दिली, ते परत आणता येत नाही. म्हणून मर्जलाही प्रतिनिधी नाही. काही संघ टेस्ट हिरव्या झाल्या की बॉटकडूनच मर्ज करून घेतात. त्यांनी उत्सर्ग टाळलेला नाही. ज्या दिवशी ‘टेस्ट हिरव्या असल्या की सोडा’ हा नियम त्यांनी मान्य केला, त्या दिवशी येणाऱ्या सगळ्या बदलांचा उत्सर्ग त्यांनी एकदम करून टाकला. कोरा धनादेश सही करून देणाऱ्याला रक्कम मी लिहिली नव्हती असे म्हणण्याची सोय नसते.

मुक्त स्रोत प्रकल्पांतले लोक म्हणतील की आमच्यात यजमान असा कोणी एक नाही, शंभर हात आहेत. मीमांसेत त्यालाही जागा आहे. सत्र नावाच्या दीर्घ यागात जमलेले सगळेच यजमान असतात आणि तेच आपसांत ऋत्विजांची कामे वाटून घेतात, दक्षिणा नसते. तिथे फळाची वाटणी होऊन प्रत्येकाला तुकडा मिळतो असे मीमांसक म्हणत नाहीत. प्रत्येक जण पूर्ण यजमान, प्रत्येकाला पूर्ण फळ. जबाबदारीचा हिशेबही असाच करायला हवा. दहा जणांनी मंजूर केलेल्या बदलाचा एक दशांश भार प्रत्येकावर येतो, हे गणित सोयीचे आहे आणि खोटे आहे.

पहिला गंभीर आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. हाताने करण्यात लक्ष असते, काळजी असते. तीच कृती यंत्राकडे दिली की माणूस कर्मापासून तुटतो, आणि तुटलेल्या माणसाला जबाबदार धरणे म्हणजे नाव लावण्यापुरते उरते. आक्षेप मनाला पटणारा आहे. पुरावा मात्र त्याच्या बाजूने नाही. नाइट कॅपिटल ही न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातली मोठी दलाली संस्था. जुलै 2012 च्या शेवटी तिच्या तंत्रज्ञांनी नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने, टप्प्याटप्प्याने चढवला. आठांपैकी एक राहून गेला. त्या एकावर कित्येक वर्षांपूर्वी वापरातून गेलेला पॉवर पेग नावाचा जुना कोड पडून होता, आणि त्याला जागे करणारीच खूण नव्या कोडने दुसऱ्या कामासाठी उचलली होती. 1 ऑगस्टच्या सकाळी बाजार उघडला आणि तो एक सर्व्हर न थांबता खरेदी-विक्रीच्या मागण्या पाठवत सुटला. सुमारे 45 मिनिटांत 154 कंपन्यांच्या शेअरांत 40 लाखांवर व्यवहार झाले आणि संस्थेने 44 कोटी डॉलरांचा तोटा जाहीर केला. गोंधळात लोकांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा, बरोबर कोड काढून टाकला. त्यामुळे आग आठही ठिकाणी पसरली. बाजार उघडण्याआधीच यंत्रणेने चूक झाल्याची सूचना देणारे 97 ईमेल आपणहून पाठवले होते, पण ते कोणी त्या नजरेने वाचले नाहीत. हे सगळे हाताने केलेले काम होते. लक्ष, काळजी, श्रद्धा जे म्हणायचे ते त्यात होते असे धरले, तरी आठवा सर्व्हर राहिलाच. अमेरिकेच्या रोखे आयोगाने ऑक्टोबर 2013 मध्ये 1 कोटी 20 लाख डॉलरांचा दंड केला तो संस्थेला. चढवलेला कोड दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासून पाहावा, असा लेखी नियमच तिथे नव्हता, यावर आयोगाने बोट ठेवले. मीमांसेच्या भाषेत आयोगाने ऋत्विजाला सोडले आणि यजमानाला धरले, आणि धरले ते परिक्रयाच्या, म्हणजे नेमणुकीच्या आणि योजनेच्या दोषासाठी. मला हा न्याय योग्य वाटतो. हाताने होणाऱ्या कर्मातही मूळ कर्तेपण मागेच होते, एवढे यावरून दिसते. स्वयंचलनाने ते फक्त उघडे पाडले.

दुसरा आक्षेप गीतेच्या नावाने केला जातो, आणि संगणकाच्या धंद्यातल्या काही लोकांना तो भलताच आवडतो. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवे दैव. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी कच्ची, असेही तिथे म्हटले आहे. मग सर्व्हर, कोड, यंत्र, नेटवर्क आणि नशीब यांनी मिळून जे केले त्याचे खापर एकट्या माणसावर का फोडायचे? पाचांच्या यादीवरून एवढेच ठरते की कर्ता एकटा नाही. तो यादीत आहे, गळलेला नाही. शिवाय हा उपदेश ज्या प्रसंगात आहे तो विसरून चालत नाही. लढायचे की नाही ते अजून ठरायचे आहे अशा माणसाशी ते बोलणे आहे, आणि सगळे सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला नीट विचार करून तुला हवे ते कर असे सांगतात. निर्णयाची जागा तिथेही मोकळी ठेवली आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले (ते 1915 मध्ये प्रसिद्ध झाले) तेव्हा त्यांचा सगळा रोख हाच होता की अनासक्ती ही कर्म सोडण्याची सबब नव्हे. निष्काम इंजिनीअर साइट पडली म्हणून खचणार नाही हे ठीक, पण ती पाडणारा बदल आपण सोडला होता हे तो नाकारणार नाही.

काळात मागे सरकलेल्या कर्माचा सर्वांत काटेकोर विचार मला यहुदी धर्मशास्त्रात दिसतो, कारण शब्बाथच्या नियमामुळे त्यांना हा प्रश्न दर आठवड्याला सोडवावा लागला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत काम बंद. पण शुक्रवारी दुपारी सुरू करून दिलेले काम रात्री आपोआप चालू राहिले तर? मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात शाई भिजत घालणे, कापड रंगात टाकणे, सापळा लावणे अशी उदाहरणे घेऊन शम्मई आणि हिल्लेल यांच्या संप्रदायांचा वाद दिला आहे. शम्मईचे लोक म्हणतात, काम दिवसाउजेडीच पुरे व्हायला हवे. त्यामागचे कारण तलमूद, म्हणजे मिश्नावरची विस्तृत चर्चा, असे सांगते की माणसाबरोबर त्याच्या अवजारांनीही विसावा घेतला पाहिजे. हिल्लेलच्या मते हात शुक्रवारी थांबला की झाले, शाई रात्रभर भिजू दे. पुढे हिल्लेलचेच मत रूढ झाले. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाला गावकरी शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. तिथे अवजार थांबे, पण बैल आणि माणसे थांबत म्हणून. आज न्यूयॉर्कचे बी अँड एच हे कॅमेऱ्यांचे दुकान शब्बाथला आपल्या संकेतस्थळावरही मागणी स्वीकारत नाही. सर्व्हरला विश्रांतीची गरज नसते, तरी मालकाने आपला व्यवहार थांबवला आहे हे तो पडदा सांगतो. (सॉफ्टवेअरच्या धंद्यातही शुक्रवारी डिप्लॉय करू नये असा एक अलिखित सोवळ्याचा नियम आहेच. त्याचे कारण पारमार्थिक नाही, शनिवारी फोन उचलायला कोणी नसतो.)

या वादातला खरा ऐवज तलमूदच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणात आहे. योहानान नावाचे आचार्य म्हणतात की माणसाने लावलेली आग पसरत जाऊन दुसऱ्याचे शेत जाळते, तेव्हा ती आग त्याने सोडलेल्या बाणासारखी धरावी. पंधराव्या शतकात ‘निमुके योसेफ’ या टीकाग्रंथाने शंका काढली: आग म्हणजे आपलाच बाण असेल, तर शुक्रवारी लावलेला दिवा शनिवारी जळतो तेव्हा आपणच शब्बाथ मोडत नाही का? उत्तर असे दिले आहे की बाण सुटला त्याच क्षणी कर्म पुरे झाले. पुढे तो जिथे जाऊन लागेल ते सगळे त्या क्षणाच्या हिशेबात धरायचे. म्हणून शब्बाथ मोडत नाही, आणि म्हणूनच भरपाई चुकत नाही. सूट आणि दायित्व एकाच तर्कातून निघतात. डिप्लॉयच्या प्रश्नावर याहून नेमके काही मला कुठे सापडलेले नाही. ज्याला मर्जनंतर निवांत जेवायला जाण्याची मुभा हवी, त्याने मर्जच्या क्षणी पुढचे सगळे आपल्या खात्यात घेतलेले असते. ‘मी तर फक्त मर्ज केले, पुढचे पाइपलाइनने केले’ असे म्हणणारा सूट घेतो आणि बिल शेजाऱ्याकडे पाठवतो.

आता सर्वांत कठीण आक्षेप. संमतीवर एवढा भार टाकला, पण स्वयंचलनात संमतीच पोकळ होते त्याचे काय? दिवसातून वीस वेळा मंजुरीचे बटण दाबणारा वाचत नाही. हिरवी खूण पाहतो आणि पुढे जातो. मोशे फाइनस्टाइन हे विसाव्या शतकातले मोठे यहुदी धर्मनिर्णेते. त्यांनी घड्याळाने चालू-बंद होणाऱ्या दिव्यांना मुभा दिली, पण सगळीच कामे अशी घड्याळावर सोपवायला विरोध केला, कारण मग शब्बाथचा मानच राहणार नाही. भीती तीच आहे: नियम अक्षरशः पाळला जातो आणि आतून रिकामा होतो. 19 जुलै 2024 ला ही भीती जगभर खरी ठरली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने ग्राहकांच्या विंडोज यंत्रांवर एक छोटी फाईल पाठवली. ती तपासणारा प्रोग्राम होता, त्याने ती पास केली. फाईल एकवीस घटकांची अपेक्षा धरून लिहिलेली होती, यंत्रावरचा कोड वीसच पुरवत होता, आणि तपासणीत ही तफावत पकडली गेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख यंत्रे बंद पडली; भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. 78 मिनिटांत कंपनीने फाईल मागे घेतली, तोवर बाण लागून गेला होता. सर्वांत बोलका तपशील ग्राहकांच्या बाजूचा आहे. अनेकांनी मुख्य सॉफ्टवेअर एक आवृत्ती मागे ठेवण्याची निवड केली होती. ही फाईल त्या निवडीच्या कक्षेतच येत नव्हती. ती सगळ्यांकडे एकदम गेली.

हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. वाचल्याशिवाय दिलेली संमती ही दुबळी संमती आहे यात शंका नाही. पण दुबळी संमती म्हणजे कर्तेपण नाही, हे पुढचे पाऊल चुकीचे आहे. इथे जैन आचारशास्त्राचा आधार घ्यावासा वाटतो. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला अनुमोदन दिलेले, या तिन्हींनी कर्मबंध होतो, असे जैन परंपरा मानते. महाव्रत घेणारा साधू हिंसा करत नाही, करवत नाही आणि करणाऱ्याला अनुमोदनही देत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांतही हिंसेचे हेच तीन प्रकार आहेत. अनुमोदन डोळे झाकून दिले की ते हलके होते, असे ही परंपरा म्हणत नाही. बेसावधपणा, ज्याला ती प्रमाद म्हणते, तो हिंसेच्या मुळाशी आहे असेच ती मानते. कोड लिहिणारा, पाइपलाइन लावणारा आणि मंजुरी देणारा या तिघांना ही त्रयी फार चपखल बसते, आणि त्यातला मंजुरी देणारा आपण समजतो तितका निर्दोष राहत नाही. उपाय संमती काढून टाकण्यात नाही. वीस मंजुऱ्या पोकळ होत असतील तर दोन खऱ्या ठेवाव्यात. बदल आधी थोड्या यंत्रांवर सोडावा, तिथले आकडे पाहून मग पुढे जावे. त्या दिवसानंतर क्राउडस्ट्राइकनेही टप्प्याटप्प्याने सोडण्याची पद्धत स्वीकारली. सोमयागात ब्रह्मा नावाचा ऋत्विज बहुतेक वेळ मौन धरून सगळ्यांच्या कामावर लक्ष ठेवतो आणि चूक झाली की प्रायश्चित्ताची आहुती देतो. छांदोग्योपनिषद म्हणते की त्याने मध्येच मौन मोडले तर एका पायाने चालणाऱ्यासारखा यज्ञ लंगडतो. लॉग आणि आकडे पाहत बसणारा, वेळ आली तर रोलबॅक करणारा माणूस हे पाइपलाइनचे जोडकाम नव्हे, तिचा दुसरा पाय आहे. नाइट कॅपिटलचे 97 ईमेल वाचायला ब्रह्मा नव्हता.

माझ्या युक्तिवादाची एक मर्यादा मात्र उरते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. संमती ज्याला दिली तेच घडले पाहिजे. डिसेंबर 2020 मध्ये सोलरविंड्सचे प्रकरण बाहेर आले. हल्लेखोर कंपनीच्या बिल्ड यंत्रणेत शिरले होते. बिल्ड चालू झाले की त्यांचा प्रोग्राम एक फाईल गुपचूप बदलत असे आणि काम झाले की मूळ फाईल जागेवर ठेवत असे. रेपोतला कोड वाचणाऱ्याला काही दिसले नसते. तयार झालेल्या सॉफ्टवेअरवर कंपनीची खरी सही होती आणि ते सुमारे 18,000 ग्राहकांपर्यंत गेले. मार्च 2025 मध्ये असाच प्रकार छोट्या प्रमाणात झाला: 23,000 हून अधिक रेपो वापरत असलेल्या एका तयार ॲक्शनच्या (पाइपलाइनमध्ये जोडायच्या आयत्या पायरीच्या) जुन्या आवृत्त्यांची नावे नव्या, दूषित कोडकडे वळवली गेली आणि लॉगमध्ये गुप्त किल्ल्या छापल्या जाऊ लागल्या. यामल फाईलमध्ये एक अक्षरही बदललेले नव्हते. इथे यजमानाने उत्सर्ग केला एका द्रव्याचा आणि अग्नीत पडले दुसरेच. त्या घातासाठी त्याला घातकी म्हणणे अन्याय होईल. पण ऋत्विज कोण नेमला, त्याची ओळख बदलू न शकणाऱ्या कमिट क्रमांकाने बांधून घेतली की सैल नावावर सोडली, किल्लीला किती दारे उघडू दिली, हे प्रश्न शिल्लक राहतात, आणि ते परिक्रयाचेच प्रश्न आहेत. दोष संपतो तिथे जबाबदारी संपत नाही.

जबाबदारी म्हणजे शिक्षा नव्हे, हेही सांगायला हवे, कारण बहुतेक कंपन्यांत कर्ता शोधण्याचा खेळ बळी शोधण्यावर संपतो. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, भलत्याच सर्व्हरवर असताना, डेटाबेसचे फोल्डर पुसले. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. बॅकअपच्या अनेक पद्धती लावलेल्या होत्या आणि ऐन वेळी त्यांतली एकही नीट चालत नव्हती. कंपनीने सगळे जाहीर केले, दुरुस्तीचे काम लोकांना थेट दाखवले, अहवालात चूक पद्धतीवर ठेवली आणि त्या अभियंत्याचा बळी दिला नाही. हात ज्याचा घसरला तो ऋत्विज होता. बॅकअप चालतात की नाही हे पाहणे यजमानाचे काम होते, आणि यजमानाने ते कबूल केले.

म्हणून ज्यांच्या संकेतस्थळांवर असे स्वयंचलित डिप्लॉय चालते त्यांना एवढीच विनंती आहे. मंजुरीचा अधिकार अशाच माणसाला द्या ज्याला नकार देण्याचाही खरा अधिकार आहे. मुदतीच्या दडपणाखाली कनिष्ठाकडून मर्ज करवून घेणारा वरिष्ठ हाच तिथला करवणारा असतो, तेव्हा नोंदीत त्याचेही नाव असू द्या. आणि आज वेळ काढून रेपोतली ती यामल फाईल उघडा. तिची शेवटची ओळ कोणी लिहिली, ती व्यक्ती अजून कामावर आहे का, आणि ती गेल्यानंतर ही फाईल कोणी पहिल्या ओळीपासून वाचली आहे का, हे विचारा. कोणीच वाचली नसेल, तर आधी ती वाचा आणि मगच पुढचा बदल मर्ज करा.